कार्यालय कोणत्या कार्यासाठी?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पंगती उठल्यानंतर बोलावयास उभे राहणे ही वक्त्याची सत्त्वपरीक्षा होय. समोरची निम्मी मंडळी भिंतीचा आधार शोधीत आहेत आणि उरलेली परतीच्या एस. टी.ची वेळ पाहत आहेत, हे आम्हांस येथून स्वच्छ दिसते. म्हणून प्रस्तावना आवरती घेतो. कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘ज्ञातीची प्रगती’ असा विषय छापला आहे. हाच विषय गेल्या संमेलनात होता, त्याच्या आधीच्याही होता. आणि प्रगती मात्र आमच्या भाषणांची वाट न पाहता आपल्या पावलांनी होत राहिली. अध्यक्षांची क्षमा मागून आम्ही आज त्याऐवजी या इमारतीच्या वरच्या मजल्याविषयी बोलणार आहोत.

आपण बसला आहात ते हे मंगल कार्यालय आपल्या शिंपी समाजातील मागच्या पिढीने वर्गणी जमवून बांधले. मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, जळगाव जामोद अशा लांबलांबच्या गावी पावतीपुस्तके घेऊन मंडळी हिंडली. कोणी विटा दिल्या, कोणी पंखे दिले, ज्यांना काहीच देता येईना त्यांनी पडदे शिवून दिले. खालचे हे सभागृह लग्नसराईत गजबजलेले असते. वर पाच खोल्या आहेत, एक लांबट दालन आहे आणि टोकाला गादीघर आहे. तुळशीच्या लग्नानंतर तिथी निघू लागल्या म्हणजे वधूपक्षाची मंडळी तेथे उतरतात. ज्येष्ठ सरला की जिन्याच्या दाराला कुलूप लागते, आणि पुढे चार महिने वर पारव्यांचे राज्य असते. ऐन सराईतसुद्धा लग्नाचा दिवस सोडून बाकीचे दिवस तेच. मराठी माणसाने ‘कार्य’ या शब्दाचा अर्थ लग्न असा करून ठेवला, त्यामुळे ज्या वास्तूस आपण कार्यालय म्हणतो तिच्यात काम म्हणून काही होत नाही!

आता एक कबुली द्यावयाची आहे. मंडळाच्या वधू-वर सूचीचे संपादन पुष्कळ वर्षे आमच्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातीलच एका तरुणाचा अर्ज आला. ‘व्यवसाय’ या रकान्यात त्याने लिहिले होते की, मी पुस्तकांची मुखपृष्ठे करतो, प्रकाशक पुणे, मुंबई व दिल्ली येथील आहेत. रकाना दीड इंचाचा. मजकूर त्यात बसेना. नोकरी म्हणावी तर मालक नाही, दुकान म्हणावे तर पाटी नाही, शेती म्हणावी तर सातबारा नाही. मुलगा बहुधा सध्या रिकामा असावा आणि लाजेकाजेस्तव त्याने काहीतरी लिहिले असावे, असा आम्ही तर्क केला, आणि त्या जागी एक आडवी रेघ घातली. सूची छापून घरोघर गेली.

महिनाभराने त्या मुलाचे वडील आमच्याकडे आले. सारा संसार शिवणयंत्रावर केलेला तो गृहस्थ. आवाज चढविणे त्याच्या स्वभावात नव्हते. पिशवीतून त्यांनी सहा-सात पुस्तके काढून आमच्या मेजावर ओळीने मांडली आणि म्हणाले, “गुरुजी, ही तुमची रेघ.” त्यांतील एक पुस्तक आमच्या स्वतःच्या कपाटात होते. आतला मजकूर आम्ही दोन वेळा वाचला होता. मुखपृष्ठ कोणी केले हे एकदाही पाहिले नव्हते. तो मुलगा पुढे पुण्यास एका कंपनीत नोकरीस लागला, आणि मग त्याचे लग्नही जमले. मुखपृष्ठे तो अजून करतो की काय, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस आजवर झालेले नाही.

वस्तुतः असली रेघ शिंप्याच्या हातून ओढली जावी याचेच नवल वाटते. आपल्या वाडवडिलांना मालक कधी होता? ते नगावर काम करीत. बंडीचे अमुक, सदऱ्याचे अमुक, चोळीचे अमुक. दिवाळी आणि लगीनसराई ही सुगी. आषाढ-श्रावणात यंत्राच्या चाकावर हात ठेवून बसावे. महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार हा प्रकार आपल्या घरात आमच्या पिढीने आणला, आणि दोन पिढ्यांत आपण असे विसरलो की त्याच्याविना दुसरी कमाई आपल्या नजरेस कमाई वाटेनाशी झाली.

आमचे तीर्थरूप एका कापड दुकानाच्या ओट्यावर यंत्र मांडून बसत. दुकानदार ओट्याचे भाडे घेत नसे. कापड घेतलेल्या गिऱ्हाइकास शिलाईसाठी गावभर हिंडावे लागू नये, एवढाच त्याचा हिशेब. त्या ओट्यावर तीन यंत्रे होती. एकाची सुई मोडली तर दुसऱ्याच्या डबीतून घ्यावी. एकास कोटाची कापणी चांगली साधे, दुसऱ्याच्या हाती काजे नेटकी येत; कामे परस्परांत फिरत. कोणते गिऱ्हाईक पैसे बुडविते हे तिघांनाही ठाऊक असे, आणि एकाकडे उधारी थकविलेल्या माणसाचे माप दुसरा घेत नसे. तिघांची गिऱ्हाइके निराळी, गल्ले निराळे. परंतु ओटा एक. आणि रस्त्याने जाणारे-येणारे सारे गाव पाहत असे की, हे तिघे काम करीत आहेत. लहानपणी आम्ही त्या ओट्यावर गुंड्या मोजीत बसत असू. तेथे केवढी सोय उभी होती याची समज आम्हांस उतारवयात येत आहे.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि पुण्या-मुंबईकडची आपली पुष्कळ मुले गावी परतली. नोकरीवाले पुढे एकेक करून माघारी गेले. परंतु त्यांच्याबरोबर आलेली जी मुले स्वतंत्रपणे काम करीत होती, कोणी भाषांतर करणारे, कोणी चित्रे काढणारे, कोणी चित्रफितींचे संकलन करणारे, त्यांतील काहींनी विचार केला की, खोलीचे भाडे भरण्यासाठी पुण्यास कशाला जावे? बुलढाण्यास अद्याप आगगाडी नाही, ही आपली जुनी खंत. खामगावपर्यंत १८७० मध्ये फाटा आला तोही कापसासाठी. परंतु या मुलांच्या कामास आगगाडी लागत नाही. ते तारेवरून जाते. जे काम पूर्वी येथे बसून होणे शक्यच नव्हते ते आता होते. होत नाही ते एवढेच की, त्या कामाला घरात जागा मिळत नाही.

आमच्या परिचयाच्या एक सूनबाई मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतात. सासरची माणसे सज्जन आहेत. सासूबाई तर कौतुकाने पाहुण्यांना चित्रे दाखवितात. परंतु त्याच सासूबाई शेजारणीला सांगतात, “आमची सून काय, घरीच असते.” आणि घरीच असते म्हणून सिलिंडर उतरवून घेणे तिच्याकडे, आजेसासऱ्यांना दवाखान्यात नेणे तिच्याकडे, दुपारी अवचित आलेल्यांचा चहा तिच्याकडे. चित्र काढावयाचे ते रात्री अकरानंतर. त्या एकदा आम्हांस म्हणाल्या, “काका, पैसे कमीजास्त मिळतात त्याचे मला काही नाही. पण दिवसभर मी कामावर असते, आणि सगळ्यांना वाटते मी घरी आहे.” या वाक्यावर आम्हांस काही उत्तर सुचले नाही.

दुसरा एक मुलगा पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतो. ती पुस्तके लोक कानांनी ऐकतात. त्याच्या घरी एकीकडे कुकरची शिटी, दुसरीकडे शेजारची शेळी. एक परिच्छेद चारचारदा वाचावा लागतो. उन्हाळ्यात पंखा बंद करून, अंगावर रजई घेऊन तो वाचतो, कारण पंख्याचा आवाजही मुद्रित होतो. त्याने कोठून तरी आपले गादीघर पाहिले आणि कार्यकारी मंडळाकडे अर्ज केला की, दुपारी दोन तास ती खोली मला भाड्याने द्यावी. त्यावर मंडळाने ठराव केला, ‘गादीघर हे गाद्यांसाठी आहे.’ सूचक आम्हीच होतो. परवा सहज किल्ली घेऊन आम्ही त्या खोलीत गेलो आणि दार लावून उभे राहिलो. तिन्ही भिंतींना छतापर्यंत गाद्या. खाली रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तो नंतर खिडकीतून दिसला. आत ऐकू आला नव्हता. मुलाचे कान आमच्या ठरावापेक्षा शहाणे होते.

कोणी म्हणेल, ज्याच्या अंगी कला आहे तो कोठेही बसून ती साधतो. दाखला म्हणून मेहकरचे कविवर्य ना. घ. देशपांडे यांचे नाव आम्हांस ऐकविले जाते. मेहकरासारख्या गावी राहून त्यांनी अशा कविता लिहिल्या की, त्यांची गीते ध्वनिमुद्रिकांवरून महाराष्ट्रभर गेली, आणि १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जिल्ह्यास याचा अभिमान आहेच. परंतु देशपांडे वकील होते, हे विसरून चालणार नाही. गावाने त्यांस वकीलसाहेब म्हणून ओळखले आणि कवितेस आपली जागा मिळाली. जुन्या काळी आपल्या जिल्ह्यातील कलावंताच्या अंगावर वकिलीचा किंवा शाळामास्तरकीचा एक अंगरखा असे. आजचा मुलगा कलेवरच पोट भरू पाहतो. त्याच्या अंगावर तो अंगरखा नाही, आणि म्हणून तो आपणांस उघडा दिसतो.

अशा लोकांसाठी जगात जी व्यवस्था निघाली आहे तिला को-वर्किंग असे म्हणतात. शब्द नवा असला तरी गोष्ट ओट्याचीच आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे ऑगस्ट २००५ मध्ये ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या तरुणाने तिचा आरंभ केला. जागा त्याची नव्हती. एका संस्थेची होती, आणि एरवी निराळ्या कामास लागे. आठवड्यातून दोन दिवस ती त्याने भाड्याने घेतली. सकाळी घडीची मेजे मांडावयाची, संध्याकाळी पुन्हा आवरून ठेवावयाची. पहिला महिनाभर कोणीही आले नाही. तो एकटा बसून राहिला. सतरंज्या घालण्यात आणि गुंडाळण्यात ज्यांची हयात गेली त्या आपल्या मंडळास ही कथा परकी वाटू नये.

आपल्या राज्यातही याहून जुना एक दाखला आहे. मुंबईस वॉर्डन रोडवर प्रसिद्ध कायदेपंडित भुलाभाई देसाई यांचा बंगला होता. त्यांच्या पश्चात, १९५० च्या सुमारापासून पुढे, त्या बंगल्यात भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट चालली. नाममात्र मोबदल्यात तेथे कलावंतांस खोल्या मिळत. नागपुरास जन्मलेले वासुदेव गायतोंडे तेथे चित्रे काढीत, हुसेन काढीत, प्रफुल्ला डहाणूकर काढीत. रविशंकरांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा तेथेच होती. अल्काझी तेथे नाट्यकलेचे शिक्षण देत. एका दारातून सतार ऐकू यावी आणि दुसऱ्यातून रंगाचा वास यावा, अशी ती वास्तू. यांपैकी कोणास त्या वेळी विचारले असते की, आपण काय करता, तर आमच्या दीड इंचाच्या रकान्यात मावेल असे उत्तर किती जणांजवळ होते? पुढे तो बंगला पाडला गेला आणि मंडळी पांगली. जागा दुसऱ्याची असली म्हणजे असे होते. आपली जागा आपली आहे.

याच्या उलट टोकाचा दाखलाही सांगितला पाहिजे, कारण आपल्या खजिनदारांच्या चेहऱ्यावर शंका दिसत आहे. न्यूयॉर्क येथे २०१० मध्ये वुईवर्क नावाची कंपनी निघाली. मोठमोठ्या इमारती तिने वर्षानुवर्षांच्या कराराने घ्यावयाच्या आणि महिन्या-महिन्याच्या भाड्याने मेजे द्यावयाची, असा तिचा धंदा. एके काळी तिची किंमत सत्तेचाळीस अब्ज डॉलर सांगितली गेली. माणसे यावयाची थांबली तेव्हा महिन्याचे भाडे थांबले, वर्षांचे चालू राहिले. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. खजिनदारांनी यातून घ्यावयाचे ते इतकेच की, भाड्याची जागा घेऊन हे करू नये. आपणांस इमारतीचे भाडे नाही, कर्ज फिटलेले आहे, पाणी व सफाई एरवीही आहेच.

काय करावयाचे ते थोडक्यात सांगतो. तपशील कार्यकारी मंडळापुढे लेखी ठेवला आहे. वरच्या दालनात दहा मेजे व पाठ असलेल्या दहा खुर्च्या. प्लास्टिकच्या, लग्नातल्या नव्हेत. त्यांवर बसून आठ तास काम केलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी येत नाही. निरनिराळ्या दोन कंपन्यांच्या इंटरनेटच्या जोडण्या घ्याव्यात, म्हणजे एक तुटली तरी दुसरी चालेल. लाईन गेली की काम जाते आणि कामाबरोबर गिऱ्हाईक जाते. म्हणून दालनापुरता वेगळा इन्व्हर्टर. भगिनींसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह प्रथम, मेजे नंतर. एका खोलीत फोनवर बोलावे, दालनात बोलू नये. गादीघर दुपारी दोन ते पाच त्या वाचणाऱ्या मुलास, आणि त्याच्यासारखा दुसरा निघाला तर पाळीने.

आणि हे फुकट असू नये. मंडळाने मागे एकदा खालच्या खोलीत विनामूल्य वाचनालय चालविले होते. सहा महिन्यांत वर्तमानपत्रे राहिली आणि वाचक जाऊन पत्त्यांचा डाव बसू लागला, हे येथील ज्येष्ठांस स्मरत असेल. डावात कोण कोण होते हे सांगत नाही. चेन्नईच्या कोळत्तूर भागात तमिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशी एक जागा उघडली, शेजारी विद्यार्थ्यांची अभ्यासिकाही ठेवली. तेथे आरंभी दर ठेवला तो अर्ध्या दिवसास पन्नास, दिवसास शंभर आणि महिन्यास अडीच हजार रुपये. चेन्नईस हे स्वस्त असेल, आपल्याकडे महिन्याचा दर निम्म्याहून कमी ठेवावा लागेल. परंतु पैसे देऊन येणारा मनुष्य वेळेवर येतो, आणि घरी सांगू शकतो की, जागेचे पैसे भरले आहेत, मला गेले पाहिजे. सूनबाईंच्या बाबतीत तर पावतीच खरी उपयोगाची.

लग्नाच्या दिवशी काय, हा प्रश्न रास्त आहे. त्या दिवशी वरचा मजला बंद. तिथी सहा-सहा महिने आधी नोंदल्या जातात. त्यांचा तक्ता जिन्यात लावावा. बँडच्या आवाजात कोणी मुखपृष्ठ करू शकत नाही, आणि वधूच्या मावशीला मेजावर झोपवता येत नाही.

आता ज्या मुद्द्यावर बैठकीत आवाज चढले त्याकडे येतो. ही जागा ज्ञातीबाहेरच्यांस द्यावी काय? काही बंधूंचे म्हणणे की, आपल्या वर्गणीची वास्तू आपल्या मुलांपुरती असावी. त्यांच्या भावनेविषयी आम्हांस आदर आहे. त्यांतील एकाच्या वडिलांनी या सभागृहाचा दरवाजा दिलेला आहे. परंतु लग्नासाठी हेच सभागृह आपण सर्वांस भाड्याने देतो आणि पावती फाडताना जात विचारीत नाही. दुसरे असे की, आपल्या ज्ञातीची अशी कामे करणारी मुले या शहरात मोजून चार-पाच निघतील. चौघांनी ओटा होत नाही. मुखपृष्ठ करणाऱ्यास लेखक भेटावा, भाषांतर करणारीस टंकन जाणणारा भेटावा, हिशेब लिहिणारा सगळ्यांनाच भेटावा. आणि कोणता प्रकाशक पैसे थकवितो हे एकमेकांस कळावे. ही माणसे सगळ्या ज्ञातींत विखुरलेली आहेत.

कोल्हापुरास शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे निघाली. आपले नामदेव बोर्डिंगही त्यांतलेच, आणि त्याने किती मुले शिकली हे आपणांस सांगणे नलगे. त्या काळी तेच योग्य होते. परंतु आपल्याच वऱ्हाडात, अमरावतीस, पंजाबराव देशमुखांनी घरोघरच्या मूठमूठ धान्यावर श्रद्धानंद छात्रालय उभे केले, ते सर्व जातींच्या मुलांसाठी. मुठी देणाऱ्यांनी आपले धान्य कोणत्या मुलाच्या ताटात गेले ही चौकशी केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. या दोन्ही वाटा आपल्या वडीलधाऱ्यांच्याच आहेत. आम्ही दुसरीच्या बाजूने मत दिले आहे, आणि मतभेद इतिवृत्तात नोंदविला आहे.

कायद्याविषयी एक शब्द. आपले मंडळ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेले आहे. त्याच्या छत्तिसाव्या कलमाप्रमाणे इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यावयाची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. दिवसाच्या किंवा महिन्याच्या पावतीवर मेज देणे म्हणजे भाडेपट्टा नव्हे, असे आमचे मत आहे. तरी वकील आणि लेखापरीक्षक या दोघांचा लेखी सल्ला घेऊनच कुलूप काढावे.

पहिला महिना कोणी येणार नाही. तो महिना आम्ही स्वतः सकाळी दहा ते सायंकाळी सहा वर बसणार आहोत. वधू-वर सूचीचे काम घरी मेजावर करतो ते तेथे करू. सूनबाईंनी दुसऱ्या आठवड्यापासून येण्याचे कबूल केले आहे; त्यांच्या सासूबाईंशी आमचे बोलणे झाले. प्रथम त्या म्हणाल्या, “घरात जागा काय कमी आहे?” मग म्हणाल्या, “डबा मी देईन.”

यंदाच्या सूचीत ‘व्यवसाय’ हा रकाना दीड इंचाचा चार इंच करण्यास आम्ही मुद्रकास सांगितले आहे. पृष्ठे वाढतील आणि खर्चही वाढेल. तो मंडळावर पडू देणार नाही. अर्जदाराने जे लिहिले असेल ते जसेच्या तसे छापले जाईल. अर्ज पाठविण्याची अखेरची मुदत चैत्र पौर्णिमा आहे. मुलांनी अक्षर तेवढे सुवाच्य काढावे.